पहिली टाकी माझी

माझ्या जावेच्या न्हाणीघराच्या झरोक्यातून सकाळी वाफ यायची. माझ्या झरोक्यातून काही यायचं नाही. चार हिवाळे मी ती वाफ बघितली आणि चारही हिवाळे माझा नुसता जळफळाट झाला. आता केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी थंडीच्या दिवसांत कुणाच्या मोरीतून वाफ निघताना दिसली की माझा पाय अजून तिथंच अडतो. हेवा म्हणतात तो हाच. त्याची मला लाज वाटते, पण लाज वाटली म्हणून तो काही कमी होत नाही.

हे ऐंशी सालाच्या आसपासचं. आमचं घर राजारामपुरीत, पुढं दोन खोल्या, मागं दोन खोल्या, वर गच्ची. घरात माझे सासरे, आम्ही दोघं, आमची दोन मुलं, धाकटे दीर आणि त्यांची बायको. सासऱ्यांना आम्ही मामंजी म्हणायचो. उद्यमनगरात त्यांनी जन्मभर लेथ चालवला होता, आणि लोखंडाशी बोलायची सवय लागल्यामुळं माणसांशीही ते तसंच बोलायचे. सासूबाई माझ्या लग्नानंतर सहा वर्षांनी गेल्या.

आधी सगळ्या घराला एकच बंब होता. परसात, तांब्याचा, पोटातून धुराडं गेलेला. तो पेटवायचं काम माझं. शेंगांची टरफलं, लाकडाच्या ढलप्या, मिळालं तर उसाचं चिपाड, काय असेल ते आत सारायचं आणि डोळे पुसत बसायचं. पण बंबाच्या पाण्याला क्रम होता. आधी मामंजी, मग पुरुष, मग बायका, आणि बायकांत आधी मोठी. सहा वर्षं मी टॉवेल खांद्यावर टाकून सासूबाईंच्या मागं उभी राहिले. त्या गेल्यावर माझा नंबर पहिला आला. तुम्हाला हसू येईल, पण माझ्यासारख्या शिरोळकडच्या, सातवीत शाळा सुटलेल्या बाईला या घरात मिळालेला तो एकच हुद्दा होता.

वर्षाच्या आत जाऊ आली. चंदगडकडची. बी.ए., बी.एड. मुलींच्या हायस्कुलात शिकवायला लागली. कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पिशवी, सायकलवर टांग टाकून निघायची तेव्हा सगळी गल्ली बघत राहायची. मला 'अक्का' म्हणायची. आवाज चढवायची नाही, कामाला मागं हटायची नाही, भाकरी माझ्यापेक्षा गोल. एखादी खोट सापडली असती तर मी तिच्याशी गोडीनं वागले असते. ती सापडेना हाच माझा त्रास होता. संध्याकाळी मामंजी तिच्याकडून पेपर वाचून घ्यायचे आणि मध्येच म्हणायचे, "व्हय, पण तुला काय वाटतंय गं?" मला या घरात भाजीत मीठ किती घालू एवढंच विचारलं जायचं, आणि तेही मीच विचारायची.

मग मामंजींच्या डोक्यात गरम पाण्याच्या टाक्यांचं खूळ शिरलं. बंब म्हातारा झाला होता आणि सकाळी सगळ्यांना एकदमच घाई. त्यांनी ठरवलं, गच्चीवर तांब्याच्या दोन बंद टाक्या बसवायच्या, दोन्हीत विजेची कॉइल घालायची, थंड पाणी वरच्या सिमेंटच्या टाकीतून यायचं आणि गरम पाणी खाली दोन न्हाणीघरांत उतरायचं. एक न्हाणीघर आमचं, एक धाकट्यांचं. "नळ फिरवायचा आन आंगूळ करायची. धूर न्हाय, राख न्हाय," असं ते आल्यागेल्याला सांगत सुटले. टाक्या ओळखीच्या तांबटानं ठोकून दिल्या, दोन्ही एका मापाच्या, जुळ्या बहिणी. त्या उबदार राहाव्यात म्हणून भोवती भरायला भाताचं तूस जावेच्या माहेराहून एसटीच्या टपावर घालून आलं. मामंजींनी त्या तुसाचंसुद्धा कौतुक केलं. माझ्या माहेरी ऊस पिकतो. उसाला तूस नसतं.

पाइप कसे फिरवायचे याचा नकाशा मामंजींनी सांगितला आणि तिनं काढला. शाळेतल्या मोठ्या कागदावर, पट्टी लावून, थंड पाणी निळ्या पेन्सिलीनं, गरम तांबड्या. दोन टाक्या शेजारी शेजारी, मधोमध निळी रेघ येऊन तिचे दोन फाटे फुटलेले, एक इकडं, एक तिकडं, अगदी सारखे. मामंजींनी चष्मा पुसून तो कागद दोनदा बघितला आणि म्हणाले, "असलं डोस्कं पायजे." मीही तिथंच तांदूळ निवडत बसले होते. त्या रेघांतलं मला काही कळलं नाही. एक मात्र कळलं, की त्या कागदावर पहिलं कोणी नव्हतं.

हे मला फार लागलं. बंब गेला म्हणजे रांग गेली. रांग गेली म्हणजे माझा पहिला नंबर गेला. नळ फिरवला की तिला पाणी आणि नळ फिरवला की मला पाणी, मग मी या घरात मोठी कशानं?

मिस्त्री आला तो एका मंगळवारी. साठीचा मुसलमान माणूस, त्याचे आजोबाही कोल्हापुरात नळाचंच काम करायचे. गच्चीवर बसून त्यानं पाइपाला आटे पाडायला घेतले. शेजारी सफेद्याचा डबा, तागाची गुंडी, तीन पान्हे. जाऊ शाळेत गेलेली, पुरुष कामावर. मामंजींचे गुडघे धरलेले, त्यांच्यानं लोखंडी शिडी चढवत नव्हती, ते खालीच खुर्चीत. चहा घेऊन वर गेले ती मीच.

मी विचारलं, "पाणी आधी कुठल्या टाकीत जाणार?"

"दोन्हीत, वैनीसाब. मधी टी बसवायचाय, तीन तोंडांचा जोड. कागदावर हाय तसं."

"तसं न्हाय करायचं. आधी माझ्या टाकीत. माझ्या टाकीतनं मग तिच्या."

त्यानं चहाची बशी खाली ठेवली. "पर वैनीसाब, पयली टाकी म्हंजे..."

"मला शिकवू नगा. मी थोरली हाय का न्हाय ह्या घरात?"

"थोरलीच की."

"मग पयलं पाणी थोरलीला. घरात ठरलंय तसं."

ठरलं वगैरे काही नव्हतं. पण मिस्त्रीनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांत कामं केली होती, सासू-सुना, जावा-जावा सगळं त्यानं बघितलेलं. माझ्या तोंडाकडं एकदा बघून त्यानं टी पिशवीत परत टाकला आणि सरळ नळी माझ्या टाकीच्या बुडाशी नेऊन जोडली. माझ्या टाकीच्या डोक्यातून एक नळी माझ्या न्हाणीघरात, आणि तिचाच फाटा पुढं तिच्या टाकीच्या बुडात. मी शिडी उतरले तेव्हा माझे पाय जमिनीला लागत नव्हते. संध्याकाळी जाऊ शाळेतून आली आणि वर वाळत घातलेले कपडे आणायला गेली. बराच वेळ खाली आली नाही. आली ती कपड्यांच्या घड्या घालत बसली. मामंजींनी विचारलं, "झालं का गं नकाशापरमानं?" ती म्हणाली, "झालं मामंजी, चांगलं झालंय."

थंडी पडेपर्यंत सगळं ठीक होतं. मार्गशीर्षात गारठा वाढला आणि माझ्या नळाचं खरं रूप दिसायला लागलं. पहिली बादली बरी यायची. दुसरी कोमट. पोरांची वेळ येईपर्यंत नुसतं थंडी मोडलेलं पाणी. आणि भिंतीपलीकडं त्याच वेळेला जावेची अंघोळ चालू. बादलीत धो धो पडणारं पाणी, तांब्याचा आवाज, चंदनाच्या साबणाचा वास आणि झरोक्यातून ढगासारखी वाफ. ती बाहेर यायची ती गाल लाल झालेली, ओल्या केसांना पंचा गुंडाळलेली, आणि माझ्या अंगावर शहारा. मी न्हाणीघरातच दात खात उभी राहायची.

मी काय काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला माझा स्वभाव कळेल. तिच्या कॉइलचं बटण आपल्याआधी चालू होतं का, म्हणून पहाटे उठून पाळत ठेवली. दोन्ही बटणं मामंजीच एकदम दाबायचे. तिची कॉइल मोठी असेल म्हणून नवऱ्याला वर पाठवलं. तो म्हणाला, "दोन्ही सारख्या हायत की गं." तिच्या टाकीला तूस जास्त घातलं असेल म्हणून मी स्वतः पोत्यांत हात घालून बघितला. ती शाळेत गेल्यावर तिच्या न्हाणीघरात शिरून नळाखाली हात धरला. मग माझ्या नळाखाली धरला. दुपारी माझंही पाणी कढत! म्हणजे खोट टाकीत नव्हती, सकाळच्या वेळेत होती. सकाळी ती घरात असायची.

संक्रांतीला ती दिरांसकट चार दिवस माहेरी गेली. त्या चार दिवसांत माझ्या नळाला असं पाणी आलं की मी पहिल्यांदा गुणगुणत न्हायले. ती परत आली आणि दुसऱ्याच सकाळी पुन्हा कोमट. झालं! माझ्या मनात आता शंकाच उरली नाही. रविवारी सगळे जेवायला बसले होते तेव्हा मी भाकरी थापता थापताच म्हणाले, "ही नसली की माझं पाणी गरम येतंय. ही आली की जातंय. ह्याचा अर्थ काय समजायचा?"

दिरांचा घास हातातच राहिला. नवरा म्हणाला, "आगं, काय बोलतीस?" जाऊ खाली बघून वाढत होती, तिनं वाढायचं थांबवलं नाही. मामंजी तेवढे शांत. "मशिनीत बिघाड आसंल तर मशिनीला इचारायचं," म्हणाले, आणि मिस्त्रीला निरोप धाडला.

मिस्त्री त्याच दिवशी दुपारी आला. खाली खुर्चीत मामंजी, दाराशी दीर, आमचे हे, आणि आतल्या उंबऱ्यावर जाऊ, शाळेच्या वह्या तपासायला घेऊन बसलेली. माझं म्हणणं खरं ठरलं पाहिजे म्हणून मी त्याच्यामागं शिडी चढले. खरं ठरलं तर ती चोर, आणि खोटं ठरलं तर मी कांगावखोर. माझं या घरातलं जे काय वजन होतं ते सगळं त्या शिडीवर होतं.

मिस्त्रीनं पान्ह्याला हातसुद्धा लावला नाही. बोट ठेवून ठेवून मला दाखवलं.

"हितनं थंड पाणी येतंय. कुठं जातंय? तुमच्या टाकीत. बराबर? आता धाकल्या वैनींनी नळ सोडला. त्यांच्या टाकीतनं बादलीभर गरम गेलं. तिथं भर कुठली यायची? तुमच्या टाकीतली. तुमचं तापल्यालं पाणी हिकडनं निघालं, त्यांच्या टाकीत गेलं. आन तुमच्यात काय आलं?"

"थंड," मी म्हणाले.

"दोन घरांचं थंड पाणी तुमच्या टाकीत, वैनीसाब. पयला मान तुमचा म्हणालता की."

माझ्या कानशिलातून वाफ निघाली, ती मात्र खरी. मी रोज पाणी तापवत होते आणि माझं तापलेलं पाणी माझ्याच हुकमानं तिच्या बादलीत पडत होतं. चोर कोणी नव्हतं. तिला वाटेकरी मीच करून ठेवलं होतं.

"त्या दिवशी सांगाय लागलोतो, तर तुम्ही बोलू दिलं न्हाईसा," मिस्त्री म्हणाला. मग जरा मऊ होऊन म्हणाला, "अजून कायबी बिघडलं न्हाय. टी हाय माझ्या पिशवीत. मधी बसवतो, दोन्हीकडं सारका पाइप. दोघींस्नी सारकं पाणी. तासाचं काम."

तासाचं काम. पण त्या तासाच्या आधी मला शिडी उतरून चौघांपुढं सांगावं लागलं असतं, की नकाशा मी मोडला, जावेला चोर मी ठरवलं, आणि आता तिच्या निळ्या-तांबड्या कागदाप्रमाणं करा. खालून मामंजींची हाक आली, "काय निगालं रं?"

मी मिस्त्रीला म्हणाले, "क्षार म्हणून सांगा. कॉइलला क्षार धरल्यात म्हणावं."

"खोटं मी बोलणार न्हाय."

"मग गप तरी ऱ्हावा."

"गप ऱ्हातो," तो म्हणाला, आणि पिशवी उचलली.

मी खाली येऊन सांगितलं, कॉइलला क्षार बसलेत, म्हणून होतंय तसं. मामंजी म्हणाले, "तरी म्हटलं." दिरांनी सुस्कारा टाकला. जावेनं वहीतून मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. एवढंच. रागानं नाही, हसूनही नाही. मग उठून मिस्त्रीला चहा टाकायला गेली. मला त्या क्षणी ती इतकी नकोशी झाली की तिनं माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी कोमट पाण्यानं न्हायले. एक हिवाळा नाही, पुढचे तीन. क्षार काढायचं यांनी दोनदा म्हटलं, मीच टाळलं. मुलांसाठी चुलीवर पातेलं तापवायची आणि स्वतः नळाचं घ्यायची. पलीकडं बादली वाजली की मला कळायचं, हे माझं पाणी. ती केस धुवायची त्या रविवारी तर मी बादल्या मोजायची. एकदा मला ताप होता, तर तिनं स्वतःच्या न्हाणीघरातून कढत पाण्याची बादली उचलून माझ्या दाराशी आणून ठेवली. "अक्का, ह्यानं शेक घ्या," म्हणाली. ती गेल्यावर मी ते पाणी मोरीत ओतलं. माझंच पाणी, आणि ते मी मोरीत ओतलं. मग अंगात ताप असताना नळाच्या कोमट पाण्यानं हातपाय धुतले आणि दोन दिवस जास्त अंथरुणात पडले.

मिस्त्री कधी रस्त्यात भेटायचा. "बसवू का वैनीसाब?" एवढंच विचारायचा. मी म्हणायची, "नगो, चाललंय." चाललं होतंच. पहिली टाकी माझी होती.

पाचव्या वर्षी दिवाळीनंतर दिरांना इचलकरंजीच्या सूतगिरणीत चांगली जागा मिळाली. जावेनंही तिथल्या शाळेत बदली मागून घेतली. बिऱ्हाड हलायचं ठरलं. मला वाटलं होतं मला आनंद होईल. तोही नीट झाला नाही, कारण मामंजी आठ दिवस पेपर उघडेनात, आणि मला दिसत होतं की माझ्या जाण्यानं या घरात कुणी पेपर वाचायचं थांबवणार नाही. तिच्या जाण्याचाही मला हेवा वाटला.

टेम्पो भरला. ती मामंजींच्या पाया पडली, मग माझ्या. उठताना माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "अक्का, उद्यापासनं पाणी बघून घ्या हं अंगावर. लई कढत यील."

मी तिच्याकडं बघतच राहिले. तिनं नजर चुकवली नाही. म्हणजे पहिल्याच संध्याकाळी, कपडे आणायला गच्चीवर गेली तेव्हाच तिनं पाइप बघितले होते. नकाशा तिचाच, तिला कळायला किती वेळ लागणार? मी सगळ्यांच्या जेवणात तिला चोर ठरवलं तेव्हा तिला माहीत होतं. मी क्षार म्हणाले तेव्हा माहीत होतं. एक वाक्य तिच्याजवळ होतं आणि ते तिनं चार वर्षं तोंडातून काढलं नाही. माझं गरम पाणी तिनं घेतलं, हे खरं. माझी अब्रू घेतली नाही. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी वळला तरी मी उभीच.

दुसऱ्या सकाळी न्हाणीघरात गेले. पलीकडं बादली वाजली नाही. तिनं बजावलेलं सगळं लक्षात होतं, तरी मी नळाखालचा तांब्या भरला आणि सरळ खांद्यावर ओतला. का ते मला आजही सांगता येत नाही. हाताएवढा लाल चट्टा उठला. माझं ओरडणं ऐकून हे दाराशी आले आणि बाहेरूनच म्हणाले, "कॉइलचं क्षार गेलं वाटतं!"

मी खाली बसले आणि पदर तोंडात धरून रडले. झरोक्यातून माझ्या न्हाणीघराची वाफ बाहेर जात होती. ती बघायला पलीकडं कुणी नव्हतं.

खांद्याला लोणी लावून मी त्याच दिवशी मिस्त्रीच्या घरी गेले. तो भिंतीला टेकून विडी ओढत बसला होता. मी म्हणाले, "टी बसवायचाय. दोन्हीकडं सारका पाइप."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "आता वैनीसाब? आता पलीकडं आंगूळ करतंय कोण?"

"कुणी न्हाय," मी म्हणाले. "तुम्ही बसवा."